आधी ‘क’ शिकवला

पाण्यानं भरलेला पितळी हंडा ओट्यावरून फरशीवर पडला, तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. दहा महिन्यांची. आवाज असा झाला, की चाळीतल्या दोन घरांतल्या बायका हातातलं काम टाकून दारात आल्या. पाळण्यात मुलगी झोपेत ओठ चोखत होती, ती तशीच चोखत राहिली. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

बायकांनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, झोप गाढ आहे हिची.

हे वाक्य पुढची दोन वर्षं मी पुष्कळ ठिकाणी वापरलं. एरंडोलला माहेरी, शिंदखेड्याकडे सासरी, नवऱ्यापाशी. तिला ऐकू येत नाही हे मला त्या दिवशीच कळलं होतं. ‘शंका आली होती’ असं आजवर सगळ्यांना सांगत आले, डॉक्टरांनाही तेच सांगितलं. शंका नव्हती. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

का बसले, तेही सांगते. मी मास्तरीण. धुळ्यात मुलींच्या शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे, आणि माझं नाव होतं ते उच्चारांसाठी. आमच्या खानदेशात डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, शाळेला ‘शाया’. माझ्या वर्गात असं कुणी म्हटलं, की मी त्या मुलीला उभं करायची आणि दहादा ‘शाळा’ म्हणवून घ्यायची. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, बाई, या मुली पुण्याच्या वाटतात. ते वाक्य मी किती वर्षं मनात जपून ठेवलं होतं. अशा बाईची मुलगी बोलणार नाही, हे चाळीला, शाळेला, सासरला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून सांगितलंच नाही.

मुलीचं नावही मी हौसेनं ठेवलं होतं. जुनं, शुद्ध, तीन अक्षरी. ते इथं लिहीत नाही. पण त्यातलं एकही अक्षर ओठांवर दिसत नाही, सगळी घशातली आणि टाळूमागची. म्हणजे मी तिला हाक मारायची तेव्हा तिच्या दृष्टीनं माझं तोंड नुसतं किंचित उघडायचं आणि मिटायचं. हे कळायला मला चार वर्षं लागली.

आम्ही राहायचो ते जीनच्या आवारातल्या चाळीत. कपाशीतून सरकी वेगळी काढून रुई करायचा तो कारखाना, त्याला सगळे जीनच म्हणत. यजमान तिथं इंजिनावर मिस्त्री होते. दिवाळीनंतर कपाशीच्या गाड्या यायला लागल्या, की जीन सुरू व्हायचं ते वैशाखापर्यंत. दिवसभर घरघर. भिंतींना हात लावला तर भिंती थरथरायच्या, पाण्याच्या तांब्यात वर्तुळं उठायची.

शेजारच्या खोलीत एक अक्का राहायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, विधवा, एकटी. यंत्रात कपाशी सोडणाऱ्या बायकांच्या रांगेत ती पहिल्या यंत्रावर असायची. मी शाळेत गेले, की मुलगी तिच्याकडे. अक्का तिला पाठीमागच्या कपाशीच्या ढिगावर ठेवायची, नजर तिच्यावर आणि हात यंत्रावर. मुलीचं ते अवघड नाव तिनं कधी घेतलं नाही. ती तिला ‘माऊ’ म्हणायची.

त्या जीनमध्ये कुणालाच काही ऐकू यायचं नाही. त्यामुळे तिथल्या बायकांची बोलण्याची रीतच वेगळी झाली होती. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यासमोर यायचं. तो दुसरीकडे पाहत असेल, तर आधी यंत्राच्या लाकडी कडेवर तळहातानं दोन थापा द्यायच्या. लाकूड थरथरलं की तो वर बघायचा. मग तोंड मोठं उघडून, ओठ पुरते हलवून, भुवया, हनुवटी, हात सगळं वापरून सांगायचं. आवाज काढायच्याही त्या, सवयीनं, पण आवाजावर कुणाचीच भिस्त नसायची. थट्टामस्करी, नवऱ्यांची गाऱ्हाणी, मुकादमाच्या चालीची नक्कल, सगळं असं चालायचं.

माझी मुलगी त्या बायकांत वाढली. तिला पाणी हवं असलं की ती ‘पा’ करायची. ओठ गोल करून ‘माऊ’ म्हणायची, बायका हसायच्या आणि उलट ‘माऊ’ म्हणायच्या. ‘ये’ म्हटलं की यायची, ‘बस’ म्हटलं की बसायची. चाळीत कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. तिथं सगळेच तोंडाकडे बघून बोलत होते, तीही बघत होती. मी घरी येऊन हे पाहायची आणि स्वतःला समजावायची, की बघ, समजतंय की तिला.

ती अडीच वर्षांची असताना वैशाखात जीन बंद झालं. यजमानांनी इंजिनाचा पट्टा उतरवला, आवार एकदम शांत झालं, झाडावरचे पोपट ऐकू यायला लागले. आणि चाळीतली माणसं पुन्हा इतर माणसांसारखी बोलायला लागली. आतल्या खोलीतून, पाठमोरी, कामात मान खाली घालून.

दोन दिवसांत मुलगी वेड्यासारखी झाली. ती एकेकीच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची, लुगडं ओढायची, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची. गोंगाटात ती सगळ्यांसारखी होती. शांततेत ती एकटी पडली.

अक्का संध्याकाळी माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, “बाई, माऊले आयकू येत नही.”

मी म्हटलं, “झोप अर्धवट झालीय तिची, म्हणून चिडचिड करतेय.”

अक्का थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि गेली. ज्या बाईनं आयुष्यभर चेहरे वाचले, तिच्यापाशी मी खोटं बोलले होते. तिला ते दिसलं, हे मलाही दिसलं.

पुढं यजमानांनीच धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन दातांचा लोखंडी चिमटा वाजवून तिच्या कानाशी धरला, पाठीमागे डबा वाजवला, टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, ऐकू जवळजवळ येत नाही, ढोल किंवा इंजिन असं जाडं काही वाजलं तर थोडं. पण मुलगी मुकी नाही, कंठ शाबूत आहे. बोलणं ऐकूनच येतं, हिला ते पाहून शिकावं लागेल. बोलून दाखवत जा.

दाखवत जा म्हणाले होते. मी ‘शिकवा’ एवढंच ऐकलं. शिकवणं तर माझा धंदाच होता. घरी येताना यजमान टांग्यात तोंड वळवून बसले होते आणि मी मनातल्या मनात वेळापत्रक आखत होते. आता मी दाखवते, असं मला वाटत होतं. मुलीला नव्हे, जगाला.

पहिलं काम मी हे केलं, की तिला अक्काकडे पाठवणं बंद केलं. सासूबाईंना गावाहून बोलावून घेतलं. अक्का विचारायला आली, माऊ बरी आहे ना. तेव्हा मी जे बोलले ते शब्द मला पाठ आहेत.

“अक्का, तुमच्या बोलण्यानं तिची जीभ बिघडते. मला तिला शुद्ध बोलायला शिकवायचंय.”

ती “बरं” म्हणाली. तेवढंच.

शाळेत आम्ही कशापासून सुरुवात करतो? अ आ इ ई, मग क ख ग घ. मी घरीही तिथूनच सुरू केलं. मला दुसरी वाटच सुचली नाही. रोज शाळेतून आले की हातपाय धुऊन तिला पाटावर समोर बसवायची आणि म्हणायची, ‘क’. ती माझ्या तोंडाकडे बघायची. ‘क’ म्हणताना तोंडावर काय दिसतं? काहीच नाही. जीभ मागच्या मागे टाळूला लागते आणि सुटते, बाहेर पत्ताही नाही. ती आपलं तोंड उघडायची आणि ‘आ’ करायची, किंवा खूष करायला म्हणून ‘पा’. मी मान हलवायची. नाही, ‘क’. पुन्हा. माझी शुद्ध बोलायची पद्धतही अशी, ओठ आवळून, नेमकं, अक्षर सांडू न देता. त्या आवळलेल्या तोंडातून ती काय उचलणार होती?

सासूबाई दारात बसून सरकी निवडायच्या आणि बघायच्या. एक दिवस मी ‘ळ’ घेतला होता. ‘क’ जमेना म्हणून मध्येच दुसरं काही. त्या म्हणाल्या, “तुनं ते अक्षर आमना बठ्ठासना तोंडमा नही. मंग पोरना तोंडमा कथाईन येई?”

जे आमच्या कुणाच्याच तोंडात नाही ते पोरीच्या तोंडात कुठून येणार, यावर यजमान हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांना म्हटलं, म्हणूनच तर तिला आत्तापासून वळण लावतेय. आज आठवलं की हसू येतं. तेव्हा हसले असते, तर पुढचं टळलं असतं.

कुणीतरी सांगितलं, की जिभेचं टोक खाली दाबून धरलं की ‘क’ निघतो. गोष्ट खोटी नाही. मी चमचा घेतला. रोज चमच्यानं तिची जीभ खाली दाबायची आणि ‘क’ म्हणायची. तिला उमासे यायचे. डोळ्यांत पाणी यायचं. थोड्याच दिवसांत चमचा दिसला की ती ओठ घट्ट मिटायला लागली. मी नाक दाबून तोंड उघडायला लावायची. शाळेत मी मुलींना कधी मारलं नाही, याचा मला अभिमान होता. घरी दोनदा मारलं.

श्रावणातली गोष्ट. दुपारी सुटी होती. तिनं मान फिरवली, माझा हात सटकला आणि चमच्याची कड टाळूला लागली. रक्त आलं. ती रडायला लागली. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, छाती वरखाली होतेय, आणि आवाज नाही. हूं की चूं नाही. ती तशीच रडत होती, जशी काचेपलीकडे कुणी रडत असेल.

सासूबाई उठून आल्या, तिला ओढून पोटाशी घेतली आणि मला म्हणाल्या, आधी ही रडायची तेव्हा अख्खी चाळ गोळा व्हायची.

मी आठवायला लागले. शेवटचं ‘पा’ कधी केलं होतं? ‘माऊ’ कधी? आठवेना. वैशाखात होते तेवढे आवाजही गेले होते. मी तिला तोंड उघडायला शिकवत होते आणि तिनं कंठच बंद करून घेतला होता. आवाज काढला की पाटावर बसावं लागतं, चमचा येतो, एवढं तिला कळलं होतं. यजमान संध्याकाळी आले, तिची टाळू पाहिली, चमचा उचलून फडताळावर ठेवला. म्हणाले, “पुरे आता.” त्या रात्री ते जेवले नाहीत.

नंतरचे दोन महिने मी काहीच केलं नाही. हरल्यासारखी शाळेत जायची आणि यायची. चांगली गोष्ट एवढीच, की त्या दिवसांत मी तिच्यापासून दूर राहिले.

दिवाळी झाली, जीन सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तर मुलगी घरात नाही. सासूबाई म्हणाल्या, गेली पळून, तुझ्या शाळेला मी भीत नाही, मी तिला अडवणार नाही.

मी जीनकडे गेले. जाताना रागातच गेले. मोठ्या दारात उभी राहिले आणि आतला गोंगाट अंगावर आला. हवेत रुई तरंगत होती, बायकांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. अक्काचं यंत्र पहिलंच, दाराजवळ. तिच्यामागे ढिगावर माझी मुलगी बसलेली. अक्कानं कपाशी सोडून झाल्यावर तळहातावर रुईचा छोटा पुंजका घेतला, तोंडासमोर धरला आणि ओठ मिटून सोडले. ‘प’. पुंजका उडाला आणि मुलीच्या नाकावर चिकटला. मुलीनं तो काढला, आपल्या तळहातावर ठेवला, गाल फुगवले आणि ओठ सोडले. पुंजका थोडा सरकला. पुन्हा. या वेळी उडाला. ती हसली.

तिचं पोट हलताना मला दिसलं. आवाज निघत होता का? मला ऐकू आलं नाही. त्या गोंगाटात मीही बहिरीच होते.

अक्काचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिनं ओठ हलवून मला काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हनुवटी उचलून. मी मूर्खासारखी बघत राहिले. पलीकडच्या यंत्रावरच्या बाईनं मान हलवून तिच्याशी काही थट्टा केली, दोघी हसल्या, माझ्यावरच असणार. मग मुलगी ढिगावरून उतरली, माझ्याकडे आली, माझ्या पदराला धरून मला आत ओढलं आणि पिंपावर बसवलं. अक्का मला ‘आत ये, बस’ म्हणत होती. मला ते माझ्या बहिऱ्या मुलीनं समजावून सांगितलं.

मी तिथं तासभर बसले. इतकी वर्षं ज्या जागेला मी ‘गोंगाट’ म्हणत होते, त्या जागी माझ्या लेकीची शाळा भरत होती, आणि मी तिचं नाव तिथून काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जीनची पाळी सुरू व्हायच्या आधी, अक्काच्या दारात गेले. मला क्षमा मागता आली नाही. ती मी आजवर नीटशी मागितलेली नाही. मी विचारलं, तिला कसं बोलायचं ते तुम्ही मला दाखवाल का.

अक्का भाकरी थापत होती. म्हणाली, “आज मास्तरीण माले इचारस व्हय?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि वर पाहिलं.

“तुम्ही तोंड मिटीसन बोलतस, बाई. तिले त्यामा काय दिसस?” मग म्हणाली, “पयले तो चमचा माले द्या.”

मी चमचा आणून दिला. तिनं तो आपल्या मिठाच्या बरणीत टाकला. पुढं तो तिथंच असायचा.

त्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं, आणि काम म्हणजे काम. मी कोरी वही घेतली आणि वर्णमाला नव्यानं लावली. ओठांवर जे दिसतं ते आधी, जिभेच्या टोकाचं नंतर, घशातलं सगळ्यात शेवटी. अक्कासमोर बसून मी आरशात माझं तोंड पाहायची आणि तोंड उघडायला शिकायची. पहिला महिना मीच विद्यार्थिनी होते. अक्का माझे गाल दोन बोटांनी धरून खाली ओढायची, बाकीच्या बायका बघून तोंडाला पदर लावायच्या. मी लाज सोडली. उजेडाकडे तोंड करून बसायचं, तिच्या उंचीवर यायचं, ती बघेपर्यंत बोलायचं नाही. हे तीन नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

‘प’ला रुई उडते. ‘म’ला उडत नाही, पण नाकाच्या शेंड्याला बोट लावलं तर गुणगुण लागते. ‘ब’ मात्र येईना. ओठांवर ‘प’ आणि ‘ब’ सारखेच, फरक आत आहे. तिथं यजमान उपयोगी पडले. एक दिवस ते तिला इंजिनघरात घेऊन गेले, तिचा एक तळहात इंजिनाच्या कवचावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या गळ्यावर. इंजिन चालू, गळ्यातून जाडा आवाज. इंजिन बंद, गळा बंद. पुन्हा चालू. दहा-बारा वेळा केल्यावर तिनं स्वतःचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि चालू केलं. आवाज मोठा, वेडावाकडा, गाढवाच्या पिलासारखा. यजमान इंजिनापुढं खाली बसले. गळा घरघरला की ‘ब’, नाही घरघरला की ‘प’. असा ‘ब’ आला. पुढं ‘द’ही तसाच आला, ‘ज’ही.

‘त’ला सहा आठवडे. ‘स’ला पूर्ण एक पावसाळा, मनगटाची मागची बाजू ओली करून त्यावर गार वारा लागतो का बघायचं. ‘ह’ला छोटा आरसा धुरकटायचा. ‘र’ तिनं बापाच्या गळ्यावरून उचलला, अर्धामुर्धा. काही आठवडे काहीच यायचं नाही, आलेलं जायचं. सर्दी झाली की ‘म’ गायब. मी वहीत आलेलं अक्षर लिहायची, गेलेलंही लिहायची. चिडायला व्हायचं तेव्हा मी वही मिटून विहिरीवर जायची, दोन घागरी आणायची आणि परत बसायची. ठरवलं होतं, की थांबायचं ते तिनं, मी नाही.

‘क’ मी वहीत शेवटच्या पानावर टाकला होता आणि त्याचं नाव घेत नव्हते. ती साडेपाच वर्षांची असताना तिचा घसा धरला. अक्कानं कोमट पाण्यात मीठ घातलं, त्याच चमच्यानं, आणि तिला गुळण्या करायला शिकवल्या. मान मागे, पाणी घशात, खळखळ. मुलीला तो खेळ आवडला. घसा बरा झाला तरी ती नुसत्या हवेच्या गुळण्या करायची. त्यातून एक दिवस ‘ग’ निघाला. मग ‘ग’च्या मागून, गळा बंद ठेवून, ‘क’. मी चुलीपाशी होते. ऐकलं आणि मागे वळले नाही. माझा चेहरा बघून तिनं ओठ मिटले असते अशी भीती वाटली.

आता शाळेचा प्रश्न आला. सासूबाईंचं म्हणणं, पोर घरात राहील, गावी माझ्याजवळ राहील, शेळ्या बघेल, तिला काय कमी आहे. त्या प्रेमानंच म्हणायच्या. पण एकदा ती त्या वाटेला लागली, की पाटी तिच्या हातात कधी येणार नाही, आणि जमवलेली अक्षरं वर्षभरात जातील, हे मला वहीवरून दिसत होतं.

मी आमच्या मोठ्या बाईंकडे गेले. बाई कडक, पण सरळ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हजेरी घेताना स्वतःच्या तोंडानं ‘हजर’ म्हणाली, तर पटावर नाव राहील. आणि तुमच्या वर्गात नाही. पहिल्या दिवशी हजेरी मी घेईन. तुम्ही दारात उभ्या राहा, पण खुणा करायच्या नाहीत.”

मी कबूल झाले. ते बरोबरच होतं. माझ्या तोंडाकडे बघून बोलली, तर जन्मभर मी तिच्या दारात उभी राहायला हवी.

‘हजर’मध्ये आरसा होता, इंजिन होतं, बापाचा गळा होता. सहा महिन्यांत ते जमलं, त्याच्यासारखं काहीतरी. शेवटचा ‘र’ वाऱ्यासारखा निसटायचा. नाव कधी पुकारतील हे तिला कसं कळणार, याचीही मी तोड काढली. पटावर तिच्या आधीची मुलगी आमच्याच चाळीतली. ती उभी राहून ‘हजर’ म्हणाली आणि खाली बसली, की आपली पाळी. हे आम्ही घरी खुर्च्या मांडून शंभरदा केलं.

पहिला दिवस जूनमधला. जीन बंद होतं, म्हणून अक्का आली. शाळेच्या आवारात ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती. धुतलेलं लुगडं नेसून माझ्या मागे व्हरांड्यात उभी राहिली. मोठ्या बाईंनी पट उघडला, मान खाली घातली आणि नावं घ्यायला लागल्या. सगळे मास्तर अशीच हजेरी घेतात. मीही अशीच घ्यायची, पटात बघून.

चाळीतल्या त्या मुलीचं नाव पुकारलं. उत्तर नाही. ती आलीच नव्हती. मामाच्या गावाहून अजून परतली नव्हती. बाईंनी फुली मारली आणि माझ्या मुलीचं नाव घेतलं, पटाकडे बघत.

माझी मुलगी सरळ बसून होती, पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत, कुणीतरी उठायची वाट बघत. बाईंनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. मान खालीच. वर्गातल्या मुली वळून तिच्याकडे बघायला लागल्या. तिला कळलं की काहीतरी चुकतंय. तिनं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे.

मला फक्त ओठ हलवायचे होते. अर्धा क्षण. मी दोन्ही हात तोंडावर धरले आणि डोळे तिच्यावरून काढले नाहीत. मी तिच्यासाठी जे जे केलं, त्यात मला सगळ्यात अवघड गेलं ते हे, काहीच न करणं. माझ्यामागे अक्काचा श्वास ऐकू येत होता.

मुलगी उठली. बाकावरून बाहेर आली, सरळ चालत मोठ्या बाईंच्या टेबलापाशी गेली आणि टेबलाच्या कडेवर तळहातानं दोन थापा दिल्या.

जीनमध्ये यंत्रावर देतात तशाच.

बाई दचकल्या आणि त्यांनी मान वर केली. समोर मुलगी, हनुवटी उचललेली, त्यांच्या तोंडाकडे बघत, थांबलेली. बाईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पट बाजूला सरकवला आणि तिच्या तोंडासमोर तोंड आणून, हळू, ते तीन अक्षरी नाव घेतलं.

मुलगी म्हणाली, “हजअ.”

आवाज मोठा होता, जीनमधल्या बायकांसारखा. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी हसणारीकडे पाहिलं, मग पटावर खूण केली आणि म्हणाल्या, “बस जागेवर.” हे त्या तिच्याकडे बघून म्हणाल्या. त्या वर्गाची हजेरी पुढं रोज मान वर करून घेतली जायची. मीही माझ्या वर्गात तशीच घ्यायला लागले, आणि ‘शाया’ म्हणणाऱ्या मुलींना उभं करणं सोडून दिलं.

व्हरांड्यात अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, काय म्हणाली ती, जीननं माझे कान जाड केलेत, आणि मागून तोंड दिसलं नाही. मी तिच्यासमोर आले, उजेडाकडे तोंड केलं आणि तोंड मोठं उघडून सांगितलं.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. वाचते पुष्कळ. अनोळखी माणसाला तिचं बोलणं कळायला पाच-दहा मिनिटं लागतात, मग कळतं. पण ‘क’ म्हणायच्या आधी ती अजूनही ओठ क्षणभर घट्ट मिटते आणि तिची पापणी लवते. लोकांना ती तिची लकब वाटते. ती कुठून आली ते चाळीत तिघांना माहीत आहे. ती स्वतः तेव्हा लहान होती, तिला आठवत नाही. गेल्या महिन्यात तिनं आरशात पाहून मला विचारलं, माझं हे असं का होतं? मी म्हटलं, सवय आहे. हंड्याच्या वेळचंच ते वाक्य, नुसते शब्द बदललेले.

म्हणून हे लिहायला बसले. पूर्ण झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे. दुपारी, दारातल्या उजेडात, मी तिच्या समोर बसून राहीन. तिनं काही विचारलं, तर ती वर बघेपर्यंत थांबेन आणि मग उत्तर देईन.